दोन पाट्या लेंड्या

"आधी दार सताड उघडं टाका. वारं लागू द्या जरा. मग पाणी मारा, आन् मग झाडू लावा," कस्तुराबाई म्हणाली.

"मला झाडायला शिकीव आता तू," मी म्हणालो. "बावन वरसाचा झालो, झाडू कसा धरत्यात ती ठाव न्हाय मला."

"न्हायच ठाव. घरात कधी धरलाव?"

आमचं भांडण असं झाडूवरनं लागलं. शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या खोलीच्या दारात आम्ही नवरा-बायको उभे होतो. खोली पावसाळाभर बंद होती. आत ठिबकच्या नळ्या, जुनी पोती, गेल्या सालचा भुसा, खताच्या रिकाम्या पिशव्या असा सगळा राडा. दोन दिवसांनी मळणी झालेलं सोयाबीन तिथंच येऊन पडणार होतं.

यंदा आमच्याकडं पाऊस पडला नाही, कोसळला. येरमाळ्यापासून सात किलोमीटर आत, माळावरचं आमचं गाव. टँकरची वाट बघण्यात ज्या गावाची उमर गेली, त्या गावात सप्टेंबरात वावरातनं गुडघाभर पाणी चाललं. पाणी साचून काळी रानं चिबाडली. सोयाबीन उभ्या-उभ्या पिवळं पडून कुजलं. माझं उताराचं चार एकर तेवढं वाचलं. उतार माझ्या आज्यानं निवडलेला, पण गावात मी ती माझीच अक्कल म्हणून सांगत फिरलो.

त्या पाण्यानं आणखी एक केलं. बांधातली, बिळातली सगळी उंदरं बाहेर काढली आणि ती कोरडं बघून माणसाच्या आसऱ्याला आली. प्रत्येकाच्या कोठीत, आखाड्यात, माळ्यावर उंदीर. माझ्या आखाड्यात तर त्यांनी सोयरीक जमवल्यासारखी गर्दी केली होती. पण हे मला कबूल करता येत नव्हतं, त्याचं कारण सांगतो.

माझं नाव श्रीमंत. श्रीमंती म्हणाल तर बोलण्यात. आम्ही गावातले अकरा जण मिळून सोयाबीनचं बियाणं करतो, त्या गटाचा मी अध्यक्ष. मी अध्यक्ष का, तर बाकीच्या दहा जणांना बोलायचा कंटाळा. पाऊस उघडल्यावर कृषी सहायकानं बैठक घेतली आणि उंदरांचा बंदोबस्त कसा करायचा ते सांगायला लागला. त्याला मधेच थांबवून मी अर्धा तास बोललो. शेवटी, माझा चुलतभाऊ योगीराज तिथं बसला होता, त्याच्याकडं बोट करून म्हणालो, "ह्याचा आखाडा म्हंजी उंदराची सासुरवाडी. माझ्या आखाड्यावर या, एक शेपूट दावा मला."

लोक हसले. योगीराजनं टोपी नीट केली. तो गप ऐकून घेणारा माणूस आहे. असल्या माणसाची मला लई चीड येते, कारण त्याच्यापुढं आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येतं.

तर त्या दिवशी हा योगीराज शेजारच्या वावरात सोयाबीनच्या काडाला ताडपत्री घालत होता. दार उघडं टाकलं असतं, तर माझ्या खोलीतनं निघालेली उंदरं त्याच्या समोरनं वरात काढल्यागत गेली असती.

"ती दवाखान्याची आशाताई हाय न्हवं, दीपमाला, ती बायकांच्या गटात येऊन सांगून गेली," कस्तुराबाई म्हणाली. "उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या न्हायत. धूळ उडती, ती छातीत जाती. बिलिचिंगचं पाणी मारायचं, भिजू द्यायचं, तोंडाला फडकं बांधायचं, मग पुसून घ्यायचं."

"बायकांच्या मीटिंगमधलं मला सांगू नको."

"मग तुमच्या मीटिंगमधलं तुमी करा," ती म्हणाली आणि फडकं माझ्या हातात देऊन ज्वारीची धसकटं वेचायला गेली.

मी दार आतनं ओढून घेतलं. फडक्यानं घाम पुसला. आणि अर्धा दिवस त्या पत्र्याच्या भट्टीत, कोरड्या झाडूनं, सपासप झाडत बसलो. पोतं हलवलं की खालनं चार पळायची. भुशात घरटी, घरट्यात लालभडक पिल्लं. मुताचा वास असा की डोळ्याला पाणी. धूळ इतकी दाटली की पत्र्याच्या भोकातनं येणारं ऊन काठीसारखं उभं दिसायचं. खोकलो, शिंकलो, थुंकलो, परत झाडलं. दुपारी कस्तुराबाईनं दार वाजवलं तेव्हा दोन पाट्या भरून लेंड्या आणि कचरा दाराआड ठेवलेला होता. तिनं त्या बघितल्या, माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर बांधून उकिरड्यावर नेऊन टाकल्या. मी हात न धुता भाकर खाल्ली. घाई होती असं नाही. हात धुवायला बाहेर हौदावर जावं लागलं असतं, आणि हौद योगीराजच्या बांधाला लागून.

सोयाबीन आलं, दिवाळी झाली. वावर पेरण्याजोगं वाळून वाफशाला आलं तशी ज्वारीची पेरणी धरली, तीन एकर तेवढं राहिलं. झाडलं त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं. मांड्या, कंबर, पाठ असं दुखायला लागलं की कुणी मुसळानं कांडल्यासारखं. संध्याकाळी ताप भरला.

"पेरणी मानवली न्हाय," मी म्हणालो.

"पेरणी तर टॅक्टरनं केली," कस्तुराबाई म्हणाली. "तुमी बांधावर हुबे होताव."

दोन दिवस काढा घेतला. ताप हटेना. मग मी आमच्या शिवलिंग कंपाउंडरकडं गेलो. शिवलिंग पंधरा वर्षं एका डॉक्टरच्या हाताखाली होता. डॉक्टर गाव सोडून गेले, शिवलिंग आणि त्याची सलाईन टांगायची खुंटी मागं राहिली. माणूस वाईट नाही. पण गावानंच त्याला शिकवलं की बाटली लावली की पेशंट खूश. त्यानं सुई दिली आणि म्हणाला, "गोळ्या देतो श्रीमंतदादा, तालुक्याला दाखवा."

"बाटली लाव," मी म्हणालो.

"तुम्हाला उलटी न्हाय, जुलाब न्हाय. कशाला बाटली?"

"अध्यक्षाला बाटली लागत न्हाय म्हणतोस?"

त्यानं लावली. दुसऱ्या दिवशी मी परत जाऊन दुसरी लावून घेतली. खाटेवर पडल्यापडल्या आल्यागेल्याला सांगितलं की शिवलिंगला कळेना, मीच सांगून लावून घेतली. आपण आपल्या हातानं आपली कबर खणतो तेव्हा लांबी-रुंदी सांगायलाही आपल्यालाच हौस असते.

पाचव्या दिवशी सकाळी कोरडा खोकला सुरू झाला. ओट्यावरनं न्हाणीपर्यंत गेलो तर मैलभर पळाल्यासारखी धाप. गादीवर येऊन बसलो. कृषी सहायकाचा फोन आला. बियाणं तपासायला माणसं कधी पाठवू, ते तो विचारत होता. मी सांगायला लागलो, "आपलं बियाणं म्हंजी," आणि तिथंच थांबलो. पुढचा शब्द येईना. श्वास घेतला, परत म्हणालो, "आपलं बियाणं," आणि फोन खाली ठेवला.

चुलीपुढनं कस्तुराबाई उठली. ती माझ्याजवळ आली, उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ निळसर पडले होते म्हणे. पण ते तिनं नंतर बघितलं.

"तुमी बोलायचं थांबलाव," ती म्हणाली.

"जरा दम."

"सत्तावीस वरसं संसार केला. बियाणाचं बोलताना तुमी मधी थांबलेलं म्या बघितलं न्हाय. उठा."

"शिवलिंगला बलीव. बाटली."

"बाटली गेली खड्ड्यात. योगीराजला सांगते पिकअप काढायला."

"त्याला नगं."

ती तोवर दारापाशी पोचली होती.

योगीराजनं मला लेकरासारखं उचलून पिकअपमधी बसवलं. रस्ताभर एक शब्द बोलला नाही. खड्डा आला की गाडी अशी हळू घालायचा की मला त्या हळूपणाचाच राग यायचा. मला वाटत होतं, हा मनातल्या मनात हसतोय.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीन होती. शिवप्रिया तिचं नाव. उमरग्याकडची, कन्नडचा हेल असलेली बोली. तिनं माझ्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि नर्सला काहीतरी सांगितलं. लगेच माझ्या नाकावर ऑक्सिजन आला.

"काका, सर्दी होती? नाक वाहत होतं? घसा दुखत होता?"

मी मान हलवली. नव्हतं.

"आधी काय दुखलं?"

"मांड्या. कंबर," कस्तुराबाई म्हणाली. "ताप चार दिस. आजच दम लागलाय. काल पस्तोर बडबडत होते."

"काही औषध, सलाईन?"

"दोन बाटल्या," मी अभिमानानं म्हणालो. "अजून एक लावा."

"सलाईन अजिबात नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण नर्सनं हातातली बाटली परत ठेवली.

रक्त घेतलं. छातीचा फोटो काढला. डेंगू नाही, मलेरिया नाही, करोना नाही. पण रक्तातल्या त्या बारक्या पेशी, प्लेटलेट, लई खाली गेलेल्या, आणि रक्त दाट झालेलं. फोटोत दोन्ही फुप्फुसं कापूस भरल्यासारखी पांढरी. ती फोटो उजेडाला धरून बराच वेळ उभी होती. मग स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली.

"काका, नीट आठवून सांगा. गेल्या महिना-दीड महिन्यात उंदरांशी काही संबंध आला? घरात, शेतात, गोदामात? मेलेला उंदीर उचलला, लेंड्या झाडल्या, असं काही?"

खाटेच्या पायथ्याशी योगीराज उभा होता. हातात माझ्या चपला.

"न्हाय," मी म्हणालो.

"एकही नाही? पावसानंतर सगळीकडंच आलेत."

"माझ्याकडं," श्वास घेतला, "एक शेपूट न्हाय."

आता हे सांगताना मला माझीच लाज वाटते. छातीत पाणी भरत चाललेलं, बोटाच्या चिमट्यावरचा आकडा खाली चाललेला, आणि मी चुलतभावासमोर आखाड्याची अब्रू राखत होतो. मेलो असतो तर निदान बिनउंदराचा मेलो असतो.

डॉक्टरीन उठली. तिच्या तोंडावर, एक वाट होती ती बी बंद झाली, असं दिसलं.

"डॉक्टर," कस्तुराबाई म्हणाली. "ह्यांचं खरं धरू नका. दोन पाट्या लेंड्या निघाल्या. म्या सोता उकिरड्यावर टाकल्या. दार लावून कोरडंच झाडलं ह्यांनी, अर्धा दिस. योगीराज भावजींना दिसू नी म्हणून."

मी योगीराजकडं बघितलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं मान खाली घातली आणि माझ्या चपला खाटेखाली नीट जोडून ठेवल्या.

"किती दिवस झाले?" डॉक्टरीननं विचारलं.

"तीन आठवडं. वर पाच-सहा दिस."

"काकू, बरं झालं बोललात." ती बाहेर गेली आणि सोलापूरला तिच्या गुरुजींना फोन लावला. दाराआडनं तिचं बोलणं तुकड्या-तुकड्यानं ऐकू येत होतं. परत आली तेव्हा तिनं आम्हाला सगळं सांगितलं, आणि ते असं सांगितलं की मलाही कळलं.

उंदराच्या मुतानं होणारा एक ताप आपल्याकडं पावसाळ्यात बराच होतो, लेप्टो. त्याचं इंजेक्शन ती लगेच सुरू करणार होती, रिपोर्टची वाट न बघता. पण फुप्फुसं एका दिवसात अशी भरली, त्यावरनं तिला दुसराच संशय येत होता. लई दुर्मिळ. तिनं स्वतः पुस्तकातच वाचलेला. उंदराच्या लेंड्या-मुताची धूळ श्वासातनं गेली की होतो. हंता विषाणू.

"हंता म्हंजी मारणारा की," योगीराज म्हणाला. सकाळपासून तो बोललेलं पहिलं वाक्य ते.

"नाव परदेशातलं आहे. तिकडच्या एका नदीचं," ती म्हणाली. पण अर्थ नाकारला नाही तिनं.

"औषध हाय ना त्याच्यावर?" कस्तुराबाईनं विचारलं.

"ह्या विषाणूवर खात्रीचं औषध नाही, काकू. श्वासाला आधार द्यायचा, पाणी मोजून द्यायचं, आणि शरीर स्वतः वळेपर्यंत दम धरायचा. आपल्या इथं ती यंत्रं नाहीत. सोलापूरला न्यावं लागेल, आत्ताच."

"आन् त्या दोन बाटल्या?"

डॉक्टरीननं जरा विचार केला. "काकू, तुमची जमीन काळी आहे ना? यंदा पाणी साचून राहिलं तेव्हा पिकाचं काय झालं?"

"चिबाडली जमीन. मुळ्या गुदमरल्या."

"तसंच. ह्या आजारात रक्तातलं पाणी झिरपून फुप्फुसात साचतं. त्यात वरनं सलाईन म्हणजे चिबाडलेल्या रानाला मोटार चालू करून पाणी देणं."

सगळ्या आयुष्यात मला कुणी शेतीतलं काही समजावलं तर मी त्याला चार गोष्टी वर सांगतो. त्या दिवशी पहिल्यांदा नुसतं ऐकलं. मोटार माझीच होती आणि बटण मीच दाबलं होतं.

"मला बी हुईल का?" कस्तुराबाईनं हळूच विचारलं. "पाट्या म्या उचलल्या."

"माणसाकडनं माणसाला हा सहसा होत नाही. पण तुम्ही पाट्या उचलल्या, म्हणून अजून दोन-तीन आठवडे ताप आला तर त्याच दिवशी माझ्याकडं यायचं. तोंडाला काही बांधलं होतं?"

"पदर."

"काहीच नसण्यापेक्षा बरा," ती म्हणाली. कस्तुराबाईनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला कुठं बघावं कळलं नसतं.

ॲम्ब्युलन्स आली. निघताना डॉक्टरीननं पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनानं मोठ्या अक्षरात काहीतरी लिहून ती माझ्या छातीवर चिकटवली. मी योगीराजला खुणेनं विचारलं. त्यानं वाचलं, "सलाईन मोजूनच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही." खताच्या पोत्यावर असतं तसं. येडशी गेली, तुळजापूरचा घाट गेला, मी वर छताकडं बघत होतो आणि एकेक श्वास विहिरीतनं घागर ओढल्यासारखा ओढत होतो.

सोलापुरात काचेच्या खोलीत ठेवलं. नाकातोंडावर घट्ट बसणारा मुखवटा लावला, त्यातनं मशीन हवा आत ढकलायचं. पण हवा बाजूनं निसटायला लागली. माझ्या मिशीमुळं. वीस वर्षं पीळ देऊन जोपासलेली मिशी. वॉर्डातल्या एका माणसानं वस्तरा आणला आणि विचारलंसुद्धा नाही. दोन मिनिटांत साफ. त्या मिशीवर मी गावात किती भाव खाल्ला होता, आणि यंत्राच्या लेखी ती एक गळती होती.

पुढचे दोन दिवस मला तुटक आठवतात. धाप, तहान, आणि पाणी द्यायचं ते घोट मोजून. तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा आणखी घसरला. मोठे डॉक्टर आले. त्यांनी कस्तुराबाईला काचेच्या बाहेर उभं करून सांगितलं की घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर घ्यावं लागेल असं दिसतंय, सही लागेल. काचेतनं मला दिसत होतं सगळं. तिनं पेन हातात घेतलं आणि काहीतरी विचारलं. ते तिनं मला नंतर सांगितलं.

"नळी घातल्यावर त्यास्नी ऐकू यील का?"

"झोपवून ठेवावं लागतं, बाई."

"मग सही करते. पर आधी धा मिनिटं बोलू द्या."

अंगावर निळा झगा चढवून ती आत आली. सही केलेला हात तसाच आखडून धरलेला. खाटेजवळ उभी राहिली, आणि मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

"तुमची तीन एकर पेरणी ऱ्हायली होती," ती म्हणाली. "भावजींनी काल केली. वल होती तवर उरकली. तुमी आदी पेरलेली ज्वारी उगवून आलीया म्हणत्यात. दाट झाली जरा. इरळणी करावी लागंल."

मी डोळे मिटले.

"ऐकायलाव ना? मुखवटा हाय म्हणून उत्तर देऊ नगा. जल्मात पयल्यांदा माझं आख्खं बोलणं हुयालंय. तर गाय येरवाळी, पहाटंचं दूध देती, सांजचं देत न्हाय. तुमची आठवण काढती म्हणायला जीव हुईना, खरं तर सरकीची पेंड संपलीया. आखाड्याला म्या कुलूप घातलंय. दीपमालानं सांगितलं, आरोग्य खात्याचं सायेब येईस्तोवर कुणी आत जायचं न्हाय." मग तिनं तो आखडलेला हात मला दाखवला. "सही केलीया म्या. तुमी काय करणार ते बघा."

तेव्हा मला भीती वाटली. तोवर वाटली नव्हती, कारण तोवर माझा माझ्यावर विश्वास होता की मी असल्या किरकोळ गोष्टीनं जाणारा माणूस नाही. माझ्या मुखवट्याच्या आत पाणी जमलं. डॉक्टरांना वाटलं घाम. योगीराजनं पेरणी केली. माझ्या वावरात, माझ्या बियाणानं, आणि गावात कुणाला न सांगता.

मोठ्या डॉक्टरांनी बाहेरनं आकडा बघितला आणि म्हणाले, आणखी दोन तास बघू. नळीचं सामान खाटेशेजारी मांडून ठेवलं. चारच्या सुमाराला आकडा एकानं वर आला. पाचला आणखी एकानं. दुसऱ्या दिवशी मला इतकी लघवी झाली की नर्स खूश होऊन मापाचं भांडं घेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवायला गेली. साचलेलं पाणी हटायला लागलं होतं. आयुष्यात माझं इतकं कौतुक कुठल्या कामासाठी झालं असेल, तर त्या भांड्यासाठी.

सोळाव्या दिवशी घरी आलो. त्याआधी दोन दिवस पुण्याच्या प्रयोगशाळेचा कागद आला होता. डॉक्टरीनचा संशय खरा निघाला. आरोग्य खात्याची माणसं आली, अंगभर पांढरे कपडे घालून त्यांनी आखाड्याचं दार उघडलं, तीन तास वारं खेळू दिलं, सोयाबीनची पोती बाहेर काढली, औषधाच्या पाण्यानं भिजवलं आणि मग ओल्या फडक्यानं पुसून काढलं. कस्तुराबाई बांधावर बसून बघत होती. तिनं सांगितलेलंच सगळं, तेवढ्याच क्रमानं, फक्त सरकारी गाडीतनं आलं.

मग शिवप्रिया डॉक्टरीन गावात आली. मारुतीच्या पारावर लोक जमवले आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही बोला. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

मी उभा राहिलो. बिनमिशीचा, निम्मा झालेला. आणि खरं ते सगळं सांगितलं. दार लावून कोरडं झाडलं ते सांगितलं. दोन बाटल्या मागून लावून घेतल्या ते सांगितलं, म्हणजे शिवलिंगवर आळ नको. डॉक्टरला खोटं बोललो, ते का, तेही योगीराजकडं बघून सांगितलं. मधे चार वेळा थांबावं लागलं, दम लागत होता. संपलं तेव्हा वाटलं, आता लोक हळहळतील.

लोक एकमेकांकडं बघून हसत होते.

"श्रीमंतला काय बी मोठंच लागतंय," पाराच्या कडेला बसलेली गंगम्मा म्हणाली. वीरप्पा किराणावाल्याची ही आई, सत्तरीची, जिभेला धार. "गावाला ताप आला तर ह्याला पुण्याचा ताप."

"हांगल्ला, अज्जी," डॉक्टरीन कन्नडमधे म्हणाली, तसं नाही म्हणून, आणि पुढं बरंच समजावलं. गंगम्मानं मान डोलावली. पण ती मान कन्नड ऐकल्याच्या आनंदानं डोलत होती.

पन्नास वर्षं मी थापा मारल्या आणि गावानं त्या खऱ्या मानल्या. एकदा खरं बोललो तर ती थाप ठरली. कुणाला दोष देऊ?

पंधरा दिवस गेले. एका सकाळी शिवलिंग कंपाउंडर सायकलवरनं धापा टाकत आला.

"श्रीमंतदादा, गंगम्माआक्काला तीन दिस ताप हाय. पोटऱ्या दुखायल्यात, डोळं लाल झाल्यात. बाटली लाव म्हणून बसलीया. म्या न्हाय लावली. उंदराचं इचारलं तर शिव्या देती. तुमी चला."

मी कस्तुराबाईला घेऊन गेलो. वीरप्पाच्या दुकानामागच्या खोलीत गंगम्मा पडली होती. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. सून भिंतीला टेकून उभी.

"आक्का, कोठीत उंदरं हायती का?" मी विचारलं.

"दुकानाची कोठी हाय ती. लक्ष्मीचं घर. न्हायती," गंगम्मा म्हणाली.

ते 'न्हाय' माझ्या ओळखीचं होतं. सुनेकडं बघत म्हटलेलं.

मी खाली जमिनीवर बसलो. "आक्का, माझ्या आखाड्यातनं दोन पाट्या लेंड्या निघाल्या. साऱ्या गावात माझ्याइतकी उंदरं कुणाकडं नव्हती. तुमी मला त्या पारावर हसलाव, ते बरूबर केलाव. आता सांगा, तुमच्याकडनं किती निघाल्या?"

गंगम्मानं पदरानं कपाळ पुसलं. सून छताकडं बघायला लागली.

"एक," गंगम्मा म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, "एक आन् वर थोडं. अनवाणी झाडलं म्या. वल्लं होतं, टाचंला भेग हाय."

योगीराजनं पिकअप काढली. शिवप्रिया डॉक्टरीननं तासाभरात इंजेक्शन सुरू केलं. हंता नव्हता तो. लेप्टो निघाला. वेळेवर आली म्हणून मूत्रपिंडं वाचली म्हणाली. सहा दिवसांत गंगम्मा चालत घरी आली.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत आमच्या ओट्यावर येऊन बसली. चेहरा फुगलेला.

"काय झालं, आक्का? बरं वाटत न्हाय?"

"बरं हाय. पर ती डॉक्टरीन म्हणली, अज्जी, तुमचा रोग साधा हाय. नेहमीचा. गावात दुकान आमचं, आन् रोग साधा? तुला तेवढा पुण्याहून कागद?"

"आक्का, साधाच बरा. इचारा मला."

"तुला काय इचारायचं हाय? ते बिलिचिंगचं पाणी कसं करत्यात, ते इचारायला आले म्या. कोठी धुवायची हाय."

मला सांगता आलं असतं. माप पाठ होतं. तोंड उघडलंही होतं.

"ते कस्तुराबाईला इचारा," मी म्हणालो. "मला फकस्त रोग कसा आणायचा तेवढं ठाव हाय."

गंगम्मानं हे ऐकलंच नाही. आतनं कस्तुराबाईनं "या आक्का" म्हटलं, तशी ती काठी भिंतीला लावून, चपला ओट्याखाली काढून आत गेली. दोघींचं बोलणं सुरू झालं. अंगणात कुत्रं चपलांकडं बघत होतं, म्हणून मी राखण करत तिथंच बसून राहिलो.